हशाची पायपेटी

'द बिग बँग थिअरी'मधला हशा पुसून टाकलेले व्हिडिओ यूट्यूबवर ढिगाने सापडतात. पात्रं तीच, संवाद तेच, फक्त मागचा हसण्याचा आवाज गायब. शेल्डन एक वाक्य टाकतो आणि मग दोन-तीन सेकंद काहीच होत नाही. सगळे नुसते एकमेकांकडे बघत उभे. मग लेनर्ड काहीतरी बोलतो. पुन्हा स्मशानशांतता. बघताना असं वाटतं की हे जिवलग मित्र नसून वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीला जमलेले चुलतभाऊ आहेत. व्हिडिओ संपला की बघणारा निकाल देऊन मोकळा होतो: बघा, यात विनोद नव्हताच, मागचे लोक हसत होते म्हणून आपण हसत होतो.

हा निकाल मला पटत नाही. म्हणजे ती मालिका माझी फार लाडकी आहे अशातला भाग नाही, पण हा प्रयोगच मुळात गंडलेला आहे. ही मालिका (२००७ ते २०१९) कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत, समोर खरेखुरे प्रेक्षक बसवून चित्रित होत असे. नट वाक्य बोलतो, समोरून हशा येतो, तो ओसरेपर्यंत नट थांबतो, मग पुढचं वाक्य. आपल्या भाषेत सांगायचं तर रिक्वेस्ट गेली आणि रिस्पॉन्स येईपर्यंत प्रोग्रॅम थांबला. आता तुम्ही रिस्पॉन्स तेवढा कापलात आणि थांबणं तसंच ठेवलंत, तर प्रोग्रॅम हँग झाल्यासारखा दिसणारच. त्यावरून कोड वाईट होता असं कसं म्हणणार?

पण मग उलटा प्रश्न उरतोच. रिस्पॉन्सशिवाय चालणारच नाही असं लिहायचं कशाला? विनोदी मालिकेला हसणारे लोक लागतात का? आणि लागत असतील तर खरेच लागतात, की खोटेही चालतात? या प्रश्नावर अमेरिकेतल्या टीव्ही कंपन्या, लेखक आणि नट कित्येक वर्षं भांडत होते. आणि त्या भांडणाच्या मधोमध आपल्यासारखाच एक इंजिनीयर बसला होता, एक कुलूपबंद पेटी घेऊन.

तसं पाहिलं तर सांगून हसवणं ही टीव्हीची देणगी नव्हेच. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या नाट्यगृहांमधे 'क्लाक' म्हणून भाडोत्री प्रेक्षकांची टोळी असे. तिच्यात कामाची चोख वाटणी. काहींनी टाळ्या वाजवायच्या, काहींनी वन्स मोअर मागायचा, रुमाल डोळ्यांना लावून रडणाऱ्या बायका वेगळ्या, आणि विनोदी नाटकात हसायला नेमलेले 'रिएर' वेगळे. १८२० च्या सुमारास तर अशी माणसं पुरवणारी कचेरीच निघाली होती. माणूस एकटा हसायला बिचकतो, कुणीतरी सुरुवात करून द्यावी लागते, हे नाटकवाल्यांना पक्कं ठाऊक होतं.

सिनेमा आला आणि गाडी अडली. नाटकातला नट हशा ओसरेपर्यंत थांबू शकतो. पडद्यावरचा नट कसा थांबणार? पुढचं वाक्य प्रेक्षकांच्या हसण्यात बुडून जायचं. मार्क्स बंधूंच्या 'अ नाइट ॲट द ऑपेरा' (१९३५) या सिनेमाच्या वेळी निर्माता आयर्विंग थॅलबर्गने यावर नामी तोड काढली. शूटिंगच्या आधी त्यातले प्रवेश घेऊन मंडळींना नाट्यगृहांच्या दौऱ्यावर पाठवलं. कुठल्या वाक्याला लोक हसतात आणि किती सेकंद हसतात हे मोजून घेतलं, आणि सिनेमात तेवढ्या जागा सोडल्या. म्हणजे लोड टेस्टिंग झालं आणि त्याप्रमाणे टाइमआउट सेट केले! आज हा सिनेमा लॅपटॉपवर एकट्याने बघा. ग्राउचोच्या काही वाक्यांनंतर तीच चमत्कारिक शांतता जाणवते. यूट्यूबवरच्या त्या व्हिडिओंसारखीच. पण मार्क्स बंधूंना विनोद येत नव्हता असं म्हणायची कुणाची छाती नाही.

रेडिओवर विनोदी कार्यक्रम स्टुडिओतल्या प्रेक्षकांसमोर थेट होत, त्यामुळे हशा आपोआप यायचा. तिथे खोटेपणा शिरला तो टेपमुळे. ध्वनिमुद्रणाची उत्तम चुंबकीय यंत्रं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनांकडे होती. जॅक मलिन नावाच्या अमेरिकन सैन्यातल्या इंजिनीयरने युद्धानंतर अशी दोन 'मॅग्नेटोफोन' यंत्रं सुटी करून, पन्नास रिळांसकट टपालाच्या पिशव्यांतून घरी धाडली. बिंग क्रॉस्बी हा त्या काळचा सगळ्यात मोठा रेडिओ गायक. त्याला थेट प्रक्षेपणाचा मनस्वी कंटाळा. १९४७ साली त्याने मलिनला हाताशी धरून आपला कार्यक्रम टेपवर मुद्रित करायला सुरुवात केली आणि ॲम्पेक्स या छोट्याशा कंपनीत पन्नास हजार डॉलर घातले.

टेपची खुबी ही की ती कापता येते, जोडता येते. मलिनने पुढे सांगितलेला किस्सा असा. बॉब बर्न्स नावाचा गावरान विनोदवीर कार्यक्रमात आला आणि त्याने शेतावरचे जरा चावट किस्से सांगितले. लोक हसून हसून लोळले. किस्से प्रसारित करणं तर शक्य नव्हतं, पण लेखकाने सांगितलं की हशा तेवढा जपून ठेवा. दोनेक आठवड्यांनी एक कार्यक्रम अगदीच मिळमिळीत झाला, तेव्हा तो जपून ठेवलेला हशा तिथे चिकटवला. चावट विनोदाला आलेलं हसू सोज्वळ विनोदाच्या नावावर जमा! कट-कॉपी-पेस्टमधला पेस्ट तो हाच.

टीव्हीवर १९५० साली 'द हँक मॅक्यून शो' या मालिकेत पहिल्यांदा असा बाहेरून आणलेला हशा वापरला गेला. मालिका विस्मरणात गेली, युक्ती राहिली. पाठोपाठ १९५१ मधे 'आय लव्ह लूसी' आली आणि तिने अगदी दुसरा रस्ता धरला. डेसी आर्नाझ आणि छायालेखक कार्ल फ्रॉइंड (हाच तो, 'मेट्रोपोलिस'वाला) यांनी तीन कॅमेरे एकाच वेळी लावून, प्रेक्षकांसमोर, नाटकासारखा सलग प्रयोग फिल्मवर टिपायची पद्धत बसवली. हशा खरा. ल्यूसिल बॉलची आई नेहमी प्रेक्षकांत बसायची, आणि लेक काहीतरी घोटाळा करणार असं दिसलं की तिचा 'अह-ओ' असा उद्गार ध्वनिमुद्रणात ऐकू येतो म्हणतात. 'फ्रेंड्स'पासून 'बिग बँग'पर्यंतच्या मालिका याच घराण्यातल्या.

पण खऱ्या प्रेक्षकांचेही नखरे असतात. एखादा प्रसंग नीट झाला नाही म्हणून तिसऱ्यांदा करावा लागला की लोक कशाला हसतील? आणि पहिल्या वेळचं चित्र तिसऱ्या वेळच्या चित्राला जोडलं तर हशा मधेच तुटतो. कधी लोक भलत्याच जागी हसतात, कधी इतका वेळ हसतात की पुढचं वाक्य ऐकूच येत नाही. सीबीएसमधल्या एका साउंड इंजिनीयरला हे सगळं फार खटकायचं. त्याचं नाव चार्ली डग्लस.

डग्लसचा जन्म १९१० चा, मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरातला. नेवाडा विद्यापीठातून इलेक्ट्रिकल इंजिनीयर झाला, युद्धात नौदलासाठी रडारवर काम केलं, आणि मग सीबीएसमधे चिकटला. तिथे त्याने एक यंत्र बनवलं. सव्वादोन फूट व्यासाचं लाकडी चाक, त्याच्या कडेला टेप चिकटवलेली, टेपवर मंद हसण्याचे तुकडे. कळ दाबली की चाक फिरणार आणि एक हसू वाजवून पुढच्या खाचेत थांबणार. १९५३ मधे तो नोकरी सोडून निघाला तेव्हा सीबीएसने ते यंत्र ठेवून घेतलं. का, तर कंपनीच्या वेळात बनवलं म्हणून! (ऑफर लेटरमधलं ते बारीक अक्षरातलं कलम तुम्ही-आम्ही न वाचताच सही करतो. वाचा एकदा.) गंमत म्हणजे ते चाक काही महिन्यांतच खिळखिळं होऊन गेलं. डग्लसने घरी बसून नवीन यंत्र बांधलं, आणि ते मात्र कुणाच्या हाती लागू दिलं नाही.

याच यंत्राला पुढे 'लाफ बॉक्स' म्हणायला लागले. दोन-अडीच फूट उंच पेटी, आत टेपची बत्तीस वेटोळी, प्रत्येक वेटोळ्यावर दहा हसण्याचे तुकडे, एकूण तीनशे वीस. समोर टाइपरायटरसारख्या कळा. पायाखाली पॅडल, त्याने हसू किती लांबवायचं आणि कसं विरवायचं ते ठरणार. आपल्या संगीत नाटकांतली पायपेटी आठवा, हात कळांवर, पाय भात्यावर. ही तशीच, फक्त हिच्यातून सूर न निघता माणसं निघायची. वेटोळी फिरत असल्यामुळे तीच कळ पुन्हा दाबली तरी हसू वेगळं. बाईचं खुदकन हसणं एका कळीत, पोट धरून हसणारा माणूस दुसरीत. शिवाय हलकी कुजबुज-खुसखुस असलेलं एक वेटोळं मागे चालू ठेवायचं, म्हणजे दोन हशांच्या मधे हॉल एकदम रिकामा झाल्यासारखा वाटत नाही. हा माणूस किती बारकाईने विचार करत होता बघा. हॉलमधे शांतता असते तेव्हासुद्धा तिला माणसांचा वास असतो, हे त्याला कळलं होतं.

आणि कच्चा माल कुठून आणला? बराचसा रेड स्केल्टनच्या कार्यक्रमातून. स्केल्टन मूकाभिनय करायचा. तेव्हा संवाद नाहीत, संगीत नाही, टेपवर फक्त लोकांचं हसणं. याहून स्वच्छ डेटा कुठे मिळणार!

डग्लसने १९६० मधे नॉर्थरिज इलेक्ट्रॉनिक्स ही स्वतःची कंपनी काढली, आणि साठचं दशक संपेपर्यंत अमेरिकेतल्या जवळजवळ सगळ्या विनोदी मालिकांमधे त्याच्या पेटीतले लोक हसत होते. 'द फ्लिंटस्टोन्स' हे कार्टून, त्यातही हशा. दगडी युगातल्या कार्टूनच्या चित्रीकरणाला प्रेक्षक कुठे बसले होते, हे विचारायचं नाही. मालिका तयार झाली की डग्लस पेटी घेऊन ध्वनिमिश्रणाच्या खोलीत यायचा, निर्मात्याशेजारी बसायचा आणि वाजवायचा. पेटीला कुलूप. बिघडली तर म्हणे पुरुषांच्या स्वच्छतागृहात ढकलत न्यायची, दार लावून दुरुस्त करायची आणि मग बाहेर आणायची. 'टीव्ही गाइड' साप्ताहिकाने १९६६ मधे त्याच्यावर लेख छापला तेव्हा त्याला हॉलीवूडचा स्फिंक्स असं नाव दिलं होतं. मक्तेदारी टिकली ती १९७७ पर्यंत; त्या वर्षी त्याचाच हाताखालचा माणूस, कॅरल प्रॅट, बाहेर पडला आणि त्याने अधिक सौम्य, अधिक ताज्या हसण्याचा स्वतःचा धंदा सुरू केला. आयटीतली निम्मी स्टार्टअप अशीच निघतात.

हे सगळं वाचताना डग्लसचं कौतुक वाटतं, मला तरी वाटतं. पण साठच्या दशकात एक वेगळीच गोष्ट घडून गेली. 'तुटलेला हशा जोडायला' म्हणून आलेलं यंत्र 'मुळात नसलेला हशा घालायला' वापरलं जाऊ लागलं. एकाच कॅमेऱ्याने, सिनेमासारख्या, प्रेक्षकांविना चित्रित केलेल्या मालिकांवर सर्रास हसू ओतलं जाऊ लागलं. १९५९ मधे टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषा आधीच ठरवून केलेल्या असतात हे उघडकीला आलं, त्या गदारोळात सीबीएसचे अध्यक्ष फ्रँक स्टँटन यांनी हा बनावट हशाही बंद करू असं जाहीर केलं होतं. काही टिकलं नाही ते. उलट १९६५ मधे 'होगन्स हीरोज' ही मालिका यायच्या आधी सीबीएसने पहिला भाग हशासह आणि हशाविना असा दोन्ही प्रकारे लोकांना दाखवून पाहिला, आणि हशाविना दाखवलेला भाग सपशेल आपटला, असं सांगतात. ए/बी टेस्टिंगच हे. निकाल आला, फाइल बंद. यापुढे विनोदी मालिका म्हटली की हशा हवाच.

आता नटांना काय वाटत होतं? 'द ऑड कपल' (१९७०) मधले टोनी रँडल आणि जॅक क्लुगमन हे दोघे रंगभूमीवरचे. पहिल्या वर्षी मालिका एका कॅमेऱ्याची, हशा पेटीतला. दोघांनाही त्याची चीड होती. त्यांच्या कटकटीमुळे एक भाग हशाविना दाखवून पाहिला गेला. पण खरा बदल झाला तो दुसऱ्या वर्षी: तीन कॅमेरे आले, प्रेक्षक आले. १९७५ मधे 'हॅपी डेज'नेही असंच केलं. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. या लोकांचं भांडण हशाशी नव्हतंच. नाटकवाल्या माणसाला समोर हसणारे लोक हवेच असतात. त्याला नको असतो तो आपण काय केलं हे न बघताच दिलेला हशा. लहानपणी आपण काढलेलं चित्र न बघताच 'छान हं' म्हणणारे पाहुणे आठवतात का? तसं.

आणि मग 'मॅश'.

१९७२ मधे सीबीएसवर सुरू झालेली ही मालिका कोरियन युद्धातल्या एका फिरत्या लष्करी इस्पितळाबद्दल होती. व्हिएतनामचं युद्ध तेव्हा चालूच होतं, त्यामुळे कोरियाचं नाव घेऊन कशाबद्दल बोलणं चाललंय हे सगळ्यांना कळत होतं. तंबूत राहणारे डॉक्टर, हातभट्टीसारखी घरगुती दारू, वरिष्ठांची टिंगल, आणि मधेच हेलिकॉप्टरमधून जखमी येतात. लेखक लॅरी गेलबार्ट आणि निर्माता जीन रेनॉल्ड्स या दोघांनाही हशा नको होता. मालिका एका कॅमेऱ्याची, प्रेक्षक नव्हतेच. कोरियातल्या त्या डोंगरात तंबूबाहेर तीनशे अमेरिकन बसून खिदळताहेत, ते कोण? पण सीबीएसचं म्हणणं ठाम: अर्ध्या तासाची विनोदी मालिका, म्हणजे हशा हवा. शेवटी तडजोड झाली. बाकी सगळीकडे हशा घाला, पण शस्त्रक्रियेच्या खोलीत नाही. डॉक्टर पोट फाडून उभा असताना कुणीही हसायचं नाही.

मला वाटतं टीव्हीच्या इतिहासात इतकी विचित्र आणि इतकी कामाला आलेली तडजोड दुसरी नसेल. कारण काय झालं बघा. बघणाऱ्याच्या कानाला नकळत एक वळण लागलं. तंबू, हशा. भोजनगृह, हशा. शस्त्रक्रियेची खोली, शांतता. तिथेही डॉक्टर विनोद करतातच, तोंडावर मास्क लावून एकावर एक करतात, पण मागून कुणी हसत नाही. त्यामुळे ते विनोद वेगळे ऐकू येतात. हे लोक मजा करत नाहीयेत, हात थरथरू नयेत म्हणून बोलताहेत, हे कुणी न सांगता समजतं.

मार्च १९७५ मधे तिसऱ्या वर्षाचा शेवटचा भाग आला. कर्नल हेन्री ब्लेक सुटका होऊन घरी निघतो. निरोप समारंभ, थट्टामस्करी, आणि अर्थात हशा. मग शेवटचा प्रसंग: शस्त्रक्रियेची खोली. रडार नावाचा पोरगेला कारकून मास्क न लावता आत येतो आणि तार वाचून दाखवतो की कर्नल ब्लेकचं विमान समुद्रावर पाडलं गेलं, कुणी वाचलं नाही. हे पान नटांपासून अगदी शेवटपर्यंत लपवून ठेवलं होतं. तार ऐकूनही कुणी हात थांबवत नाही. खोलीत फक्त अवजारांचा आवाज. पंचवीस मिनिटं जी माणसं मागे हसत होती, ती आता कुठे गेली? डग्लसच्या पेटीतल्या तीनशे वीस हसण्यांपैकी एकाचाही जो परिणाम झाला नसता, तो ती सगळी बंद केल्यावर झाला.

पुढच्या वर्षांत हशा हळूहळू दबका होत गेला. 'द इंटरव्ह्यू' (१९७६) हा कृष्णधवल, बातमीपटाच्या थाटाचा भाग पूर्ण हशाविना गेला. २८ फेब्रुवारी १९८३ चा शेवटचा भागही तसाच, आणि तो अमेरिकेत दहा कोटींहून जास्त लोकांनी पाहिला. म्हणजे 'लोकांना हशाविना कळत नाही' हा १९६५ च्या चाचणीचा निकाल सीबीएसच्याच मालिकेने मोडीत काढला. तिकडे ब्रिटनमधे बीबीसीने 'मॅश' पहिल्यापासून हशा काढूनच दाखवली, आणि तिथे ती बिनदिक्कत चालली. एकदा चुकून हशासकट भाग गेला तर प्रेक्षकांनी तक्रारी केल्या.

पुढे डीव्हीडी निघाल्या तेव्हा त्यांच्यावर दोन्ही पर्याय दिले, हशासह ऐका किंवा हशाविना. मी दोन्ही ऐकून बघितले. हशाविना 'मॅश' नक्कीच सरस आहे, संवाद धारदार वाटतात, आणि मुख्य म्हणजे 'बिग बँग'सारखी भोकं पडत नाहीत, कारण नट कुणासाठी थांबलेच नव्हते. हशा नंतर वरून ओतला होता, खालून काढून घेतला तरी इमारत हलत नाही. पण हेन्री ब्लेकच्या भागापुरतं मी उलटं म्हणेन. तो हशासह बघा.

थोडं शास्त्राकडे वळू, कारण आपल्या लोकांना आकडे लागतात. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या अभ्यासात असं दिसलं की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या तीसपट चारचौघांत हसतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या सोफी स्कॉट आणि सहकाऱ्यांनी २०१९ मधे एक झकास प्रयोग प्रसिद्ध केला. अगदी टुकार, घरोघरचे बाबा लोक जेवताना सांगतात तसले चाळीस विनोद घेतले, एका व्यावसायिक विनोदवीराकडून वाचून घेतले, आणि त्यांच्या मागे कधी मुद्दाम काढलेलं हसणं जोडलं, कधी खरोखर फुटलेलं. हसणं जोडलं की प्रत्येक विनोदाचे गुण वाढले, आणि खऱ्या हसण्याने जास्त वाढले. म्हणजे सीबीएसची चाचणी अगदीच खोटी नव्हती.

पण मला जास्त आवडतो तो २००५ चा ऑस्ट्रेलियातला प्रयोग, मायकल प्लॅटो आणि मंडळींचा. विद्यार्थ्यांना विनोदी कार्यक्रमाची तीच ध्वनिफीत, त्याच हशासकट ऐकवली. काहींना सांगितलं की हसणारे लोक तुमच्याच विद्यापीठातले आहेत, काहींना सांगितलं की ते एका राजकीय पक्षाचे लोक आहेत, असा पक्ष जो त्या विद्यार्थ्यांना आपला वाटत नव्हता. हशा तोच! पण 'आपले' हसताहेत असं वाटलं तेव्हाच ऐकणारे त्यांच्यासोबत हसले. परक्यांच्या हसण्याचा काही उपयोग झाला नाही.

मराठी घरात वाढलेल्याला यात नवल वाटू नये. पु.लं.च्या कथाकथनाच्या कॅसेटवर सभागृहातला हशा भरभरून ऐकू येतो. आपण हेडफोन लावून बसमधे ऐकत असतो, एकटे, आणि तो हशा कधी खोटा किंवा आगाऊ वाटत नाही. ती माणसं आपलीच वाटतात. कदाचित आपले आजी-आजोबाही त्यात असतील. तेच 'फ्रेंड्स' पहिल्यांदा बघताना कानाला टोचतं, कारण जोई काय म्हणाला हे कळायच्या आत हे परके लोक हसून मोकळे! दहाएक भागांनंतर टोचणं थांबतं. तोवर तेही ओळखीचे झालेले असतात.

यानंतरचं सगळ्यांना माहीत आहे, पटकन सांगतो. १९९८ मधे 'स्पोर्ट्स नाइट'वर एबीसीने हशा लादला, तो वर्षभरात विरत गेला. ब्रिटनमधे १९९८ ला 'द रॉयल फॅमिली' आणि २००१ ला 'द ऑफिस' आली, अमेरिकेत 'माल्कम इन द मिडल', 'स्क्रब्ज', २००५ ला अमेरिकन 'ऑफिस'. कुणी हसत नव्हतं आणि सगळे हसत होते. 'द ऑफिस' नीट बघा मात्र. तिथे हशाची जागा रिकामी नाही. मायकल काहीतरी भयंकर बोलतो, आणि जिम मान वळवून सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे तुमच्याकडे, बघतो. 'तुम्हीही ऐकलंत ना?' हा एकच चेहरा पेटीतल्या सगळ्या कळांचं काम करतो. सोबत कुणीतरी लागतंच. लॅरी डेव्हिडने 'साइनफेल्ड' प्रेक्षकांसमोर केली आणि मग 'कर्ब युअर एन्थुझियाझम' हशाविना. तोच माणूस, तोच विनोद, पण दोन्हींचा श्वास वेगळा. दुसरीकडे 'हाउ आय मेट युअर मदर'वाले भाग आधी तयार करायचे आणि मग प्रेक्षकांना दाखवून त्यांचं हसणं टिपायचे. हसणारे खरे, बघितलेला भाग खरा, फक्त नटांची भेट नाही. याला खरा हशा म्हणायचं की खोटा? मी तरी खरा म्हणेन.

डग्लसला १९९२ मधे तांत्रिक कामगिरीसाठी एमी मिळालं आणि २००३ मधे, त्र्याण्णवाव्या वर्षी तो गेला. २०१० मधे त्याची एक पेटी अचानक उगवली, कुणीतरी लिलावात घेतलेल्या भाड्याच्या गोदामातल्या सामानात. जुन्या वस्तूंची किंमत सांगणाऱ्या 'अँटिक्स रोडशो' या कार्यक्रमात तिचे दहा हजार डॉलर येतील असं सांगितलं. इतकी वर्षं कुलपात ठेवलेलं आतलं यंत्र तिथे सगळ्यांनी कॅमेऱ्यावर बघितलं.

पेटी अडगळीत गेली तरी धंदा काही बंद झाला नाही. २०२० मधे करोनामुळे मैदानं रिकामी होती. इंग्लंडच्या फुटबॉल सामन्यांना व्हिडिओ गेममधल्या गर्दीचा आवाज जोडला गेला, आणि ज्यांना नको त्यांच्यासाठी तो नसलेलं प्रक्षेपणही ठेवलं, 'मॅश'च्या डीव्हीडीसारखंच. त्या वर्षीची आयपीएल अमिरातीत झाली, तीही मुद्रित गर्दीच्या आवाजासकट. शारजाचं मैदान लहान, षटकार थेट बाहेरच्या रस्त्यावर पडत होते. स्टँडमधे चिटपाखरू नाही, आणि टीव्हीवर हजारो लोकांचा जल्लोष. तो खोटा आहे हे मला पहिल्या चेंडूपासून माहीत होतं. म्यूट एकदाही केलं नाही.